बटणांवरचा मालकंस

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर एकच वाद चाललाय : मालकंसाचा खून झाला की नाही. भाच्याने चरणजित सिंग यांच्या १९८२ सालच्या रेकॉर्डची लिंक टाकली, 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. सदाशिव पेठेतल्या मामांनी दीड मिनिट ऐकून निकाल दिला, "बटणं दाबून राग होत नाही." त्यावर औंधातला चुलतभाऊ, "मामा, जगाला अ‍ॅसिड हाऊस भारताने दिलाय, जरा अभिमान बाळगा." (अ‍ॅसिड हाऊस म्हणजे क्लबात नाचायचं, यंत्रांवरचं संगीत.) मग तिरंगे आले, जोडलेले हात आले आणि गाडी विसर्जन मिरवणुकीतल्या डीजेवर घसरली. आमच्याकडचं कुठलंही भांडण शेवटी लक्ष्मी रोडवरच येऊन थांबतं.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्टमध्ये बसून मला दोघांचाही राग आला.

मामा रोज पहाटे रियाजाला बसतात ते इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचं बटण दाबून. साथीला पेटी. हीच पेटी परदेशी, तिच्यात मींड म्हणजे सुरावरून सुरावर अखंड घसरणं नाही, दोन पट्ट्यांमधल्या बारीक श्रुती नाहीत म्हणून आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली होती, आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. आज पेटीविना मैफल पुण्यात शोधावी लागेल.

चरणजित हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातले वादक. त्यांनी ताल धरायला रोलँड या जपानी कंपनीचं ८०८ हे यंत्र घेतलं, खर्जाला ३०३ आणि वर सुरावट वाजवायला ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. यातलं ३०३ हे तर फसलेलं यंत्र. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून काढलं, पण आवाज बेससारखा येईना, आणि १९८४ मध्ये ते बंदच झालं. त्यात स्लाइड नावाची सोय आहे. ती लावली की सूर तुटत नाही, पुढच्या सुरावर घसरत जातो. कुणाला काय वाटायचं ते वाटो, मला तिथे मींडेची चाहूल लागते. शिवाय कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, बदलण्याची भानगड रागात नाही, षड्ज आपल्या जागी ठाम. तासन्‌तास एकाच जागी उभं राहणं यंत्रालाही जमतं. म्हणून ही जोडी जमते, चमत्कार वगैरे काही नाही. तोडीचा गंधार मात्र नेहमीच्या कोमल गंधाराहूनही उतरलेला, तो त्या पट्ट्यांना सापडत नाही. तिथे मामा बरोबर आहेत, आणि हे मी ग्रुपवर लिहिणार नाही.

आता भाऊ. शिकागोत फ्यूचर या मंडळींचं 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' १९८७ मध्ये आलं, अ‍ॅसिड हाऊसची सुरुवात तिथून धरतात, आणि त्यातला आवाज ३०३चाच. तोवर ३०३ जुन्या सामानात स्वस्तात मिळत होतं, म्हणून त्या पोरांच्या हाती लागलं. चरणजितांची रेकॉर्ड खुद्द मुंबईतच कुणी विचारली नाही, शिकागोला कोण नेणार? २००२ मध्ये ती दिल्लीतल्या एका दुकानात एदो बाउमन या डच माणसाला सापडली, आणि २०१० मध्ये त्याच्या बॉम्बे कनेक्शन या लेबलने पुन्हा काढली. सत्तरी ओलांडलेल्या चरणजितांना मग युरोपातल्या मंचांवर बोलावणं आलं. २०१५ मध्ये ते गेले. अठ्ठावीस वर्षं आपल्याला हा अभिमान सुचला नव्हता.

इथले डच लोक वस्तू जपतात. आवाजाचाही बाऊ करत नाहीत : कोनिंग्सदाखला, म्हणजे राजाच्या वाढदिवसाच्या सणाला, कालव्यावर बोटीबोटीतून स्पीकर ठणाणत असतात, पण संस्कृती बुडाली असं कुणी म्हणत नाही. (दुसऱ्या दिवशी कालव्यात काय काय तरंगतं ते सोडा.)

जपण्याबद्दल बोलायचा मला खरं तर अधिकार नाही. आमचा वाडा बिल्डरकडे गेला तेव्हा आईने फोन केला होता, "बाबांच्या रेकॉर्डी आहेत दोन खोकी, काय करू?" मी आल्बर्ट हाइन या सुपरमार्केटच्या रांगेत, हातात दूध. म्हणालो, "देऊन टाक." जुन्या बाजारातला एक माणूस घेऊन गेला. त्या खोक्यांत काय काय होतं, मी विचारलंसुद्धा नाही.

पुढे उट्रेख्टच्या यारबर्स या प्रदर्शन केंद्रातल्या रेकॉर्ड मेळ्यात मी ही रेकॉर्ड विकत घेतली, तीस युरो मोजून. स्टॉलवाला म्हणाला, "तुम्ही तर हे ऐकतच मोठे झाला असाल." मी "हो" म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच ते कव्हर पाहत होतो. भारतीय पासपोर्ट सोडून डच घ्यायचा अर्ज त्याच आठवड्यात टाकला होता. "नाही" म्हणायला जीभच उचलली नाही.

काल मामांचा फोन आला. मागे त्यांचा तानपुरा चालूच होता. भांडण निघेल म्हणून मी तयारीत होतो, पण त्यांनी एवढंच विचारलं, "ती तबकडी केवढ्याला पडली तुला?"

"पंधरा युरो," मी निम्मेच सांगितले.

मामांनी मनात गुणाकार केला. "गाढवा," म्हणाले, "तेवढ्यात सवाईला आला असतास."

आणि तानपुरा बंद न करताच फोन ठेवला.