कुत्र्याच्या खाजेवर जळकं ऑइल लावू नका

‘कुत्र्याची ॲलर्जी आठ दिवसांत गायब, डॉक्टरचा खर्च वाचवा’ हा मेसेज महिनाभर आमच्या तालुक्यातल्या ग्रुपांवर फिरतो आहे. त्यात पाच उपाय आहेत: जळक्या ऑइलमध्ये गंधक कालवून अंगाला चोळा, आंघोळीच्या पाण्यात कपाशीवर फवारायचं औषध टोपणभर टाका, पोळी बंद करून दूध नि चिकन द्या, माणसाची सर्दीची गोळी द्या, कडुलिंबाच्या पाण्याने धुवा. आर्णीकडच्या आमच्या गावात तो मोठ्या बाबांच्या फोनवर पोचला. मे महिन्यात मी घरी गेलो तेव्हा आमचा भुऱ्या मानेपासून शेपटीपर्यंत काळाकुट्ट होऊन गोठ्यात पडला होता. तोंडाला फेस, दोन उलट्या झालेल्या.

“खाजवू खाजवू अंग सोलून रायला होता बिचारा. ट्रॅक्टरचं काढलेलं ऑइल घरातच होतं, लावलं,” मोठे बाबा म्हणाले. त्यांचा त्या कुत्र्यावर जीव आहे. माझा राग त्यांच्यावर नाही, मेसेज लिहिणाऱ्यावर आहे.

आता त्या ऑइलचंच बोलू. इंजिनात फिरून आलेल्या तेलात शिसं, जस्त यांसारखे धातू आणि जळण्यातून तयार झालेली विषारी रसायनं उतरलेली असतात. खाजवून सोललेल्या कातडीवर ते चोळलं की आग होते, कातडी भाजल्यासारखी होते. कुत्रा अंग चाटतो, म्हणजे तेच पोटात जातं. उलटी होताना ते फुफ्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो, आणि तो जीव घेतो. शिवाय कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर काढतो. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हात त्याच्या अंगावर काळ्या तेलाचा थर म्हणजे काय, ते शेतात राबणाऱ्याला सांगायला नको.

“पण आमच्या कुत्र्याची खरूज तर गेली होती ना!” असं कोणीतरी म्हणणारच. गंधक खरजेवर चालतं, हे मी मान्य करतो. चुना आणि गंधकाचं द्रावण पशुवैद्यक आजही वापरतात. पण ते मोजून, पाण्यात पातळ करून. गुण गंधकाचा आणि नाव झालं ऑइलचं. तुमच्याकडे कोणी लावून बसलं असेल तर भांडी घासायच्या पातळ साबणाने कोमट पाण्यात पुन्हापुन्हा धुवा, चाटू देऊ नका आणि मुद्दाम उलटी करवू नका. रॉकेलने पुसू तर अजिबात नका. नंतर लगेच गुरांच्या दवाखान्यात न्या.

फवारणीच्या औषधाबद्दल यवतमाळ जिल्ह्यात मला समजावून सांगावं लागतंय, याचंच दुःख आहे. २०१७ साली फवारताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात २०च्या आसपास माणसं गेली. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी औषधं नसांचं काम बिघडवतात. लाळ गळते, अंग थरथरतं, झटके येतात. १५-२० किलोच्या जिवाला त्याची आंघोळ घालायची? मेसेजमधल्या ‘टोपणभर’ या शब्दानेच माझं डोकं फिरलं.

पोळीचं अर्धं खरं आहे. काही कुत्र्यांना गहू सोसत नाही. पण २०१६ साली म्युलर या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अन्नाची ॲलर्जी ठरलेल्या २९७ कुत्र्यांच्या नोंदी एकत्र तपासल्या. त्यात गोमांस ३४ टक्के, दूध आणि दुधाचे पदार्थ १७, कोंबडी १५ आणि गहू १३ टक्के निघाला. म्हणजे मेसेज गहू काढायला सांगतो आणि त्याच्या जागी त्याहून जास्त कुत्र्यांना बाधणाऱ्या दोन गोष्टी द्यायला सांगतो! अन्नाची शंका असेल तर कुत्र्याने आधी कधी न खाल्लेलं एखादं अन्न किमान ८ आठवडे फक्त तेच द्यायचं, आणि मग जुनं सुरू करून खाज परत येते का ते पाहायचं. एका दिवसात पोळी बंद करून काही कळत नाही.

गोळीचं थोडक्यात सांगतो. सेट्रिझिन ही ॲलर्जीची साधी गोळी पशुवैद्यक वजन पाहून देतात, पण तिने सगळ्यांची खाज थांबत नाही. सर्दीच्या मिश्र गोळीत पॅरासिटामॉल आणि नाक मोकळं करणारं औषध असतं. ती कुत्र्याला देऊ नका. कडुलिंबाने नुकसान नाही, पण त्याने ॲलर्जी जात नाही.

आणि मुळात खाज म्हणजे ॲलर्जीच, हे कोणी ठरवलं? कानाच्या कडा आणि कोपर सोलले असतील तर खरूज असू शकते, ती माणसालाही खाजवते. धूळ, परागकणांची ॲलर्जी बहुधा ६ महिने ते ३ वर्षांच्या वयात सुरू होते. कुत्रा पंजे चाटत बसतो, कान सारखे बिघडतात. ती मुळातून जात नाही, औषधाने आटोक्यात ठेवावी लागते. शेपटीच्या मुळाशी आणि कमरेवर केस गळाले असतील तर आधी पिसवा बघा. पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असली की थोडेसे चावेही पुरतात.

भुऱ्याचं हेच निघालं. डॉक्टरांनी त्याच्या कमरेवरचे काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर टेकवले, कापूस लालसर झाला. ती पिसवांची विष्ठा, त्याच्याच रक्ताची. पिसवांची अंडी अंगावरून खाली गळतात, म्हणून नुसत्या कुत्र्यावर औषध लावून भागत नाही. बैलबंडीखाली तो ज्या जुन्या पोत्यावर झोपायचा ते मोठ्या बाबांनी जाळलं, खालची माती खरवडून काढली, आणि घरातल्या मांजरीलाही डॉक्टरांनी तिच्यासाठी दिलेलं वेगळं औषध लावलं. तीन आठवड्यांनी फोन केला तेव्हा म्हणाले, “आता लव यायले लागली गा त्याले.”