पॅराबेनची भीती आणि पाऱ्याकडे होणारी डोळेझाक

ठाणे आणि नवी मुंबईतील सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सौंदर्यप्रसाधनांविषयीचा एक लांबलचक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो. त्यातील दावे असे: त्वचेला लावलेल्या पदार्थाचा साठ टक्के भाग २६ सेकंदांत रक्तात उतरतो, पॅराबेनमुळे (प्रसाधने खराब होऊ नयेत म्हणून घालतात त्या घटकांमुळे) स्तनांचा कर्करोग होतो, डिओडरंटमुळे शरीरातील विष आत कोंडते, लिपस्टिकमधील शिसे सोन्याच्या अंगठीने ओळखता येते. म्हणून दुकानातील क्रीम टाकून घरगुती आणि ‘केमिकल नसलेले’ तेवढेच वापरावे, असे त्यात म्हटले आहे. तो वाचून घाबरणाऱ्यांची काळजी खरी असते, आणि म्हणूनच ती भलत्या दिशेला वळवली जावी हे मला गैर वाटते.

साठ टक्क्यांच्या आकड्याला आधार नाही. त्वचेचा बाहेरचा मृत पेशींचा थर बहुतेक पदार्थांना अडवतो. साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) जड रेणू निरोगी त्वचेतून सहसा आत जात नाहीत, आणि जे जातात त्यांचे प्रमाण घटकागणिक व शरीराच्या भागागणिक बदलते. काही घटक रक्तापर्यंत पोहोचतात, हेही खरे आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये सनस्क्रीनमधील काही घटकांबाबत ते स्वतःच दाखवून दिले. मात्र शोषण झाले म्हणजे अपाय झालाच असे नव्हे, हेही त्याच वेळी स्पष्ट केले.

पॅराबेनची भीती मुख्यतः २००४ च्या एका ब्रिटिश अभ्यासातून पसरली. त्यात स्तनांच्या २० गाठींमध्ये पॅराबेन आढळले होते, परंतु निरोगी ऊतींशी तुलना केलेली नव्हती, आणि त्या पॅराबेनमुळे कर्करोग झाला असा निष्कर्षही संशोधकांनी काढलेला नव्हता. युरोपीय संघाने २०१४ मध्ये पुरेशी माहिती नसलेल्या पाच पॅराबेनांवर बंदी घातली, तर मिथाइल व इथाइल पॅराबेन ०.४ टक्क्यांच्या मर्यादेत चालू ठेवले. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते पुढे घडलेले. ‘पॅराबेनमुक्त’ लेबलाच्या हव्यासापायी अनेक उत्पादनांत मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे दुसरे परिरक्षक (माल टिकवणारे रसायन) आले आणि त्याने इतक्या जणांना त्वचेची अ‍ॅलर्जी झाली की युरोपला २०१७ पासून, लावून न धुण्याच्या प्रसाधनांत त्यावर बंदी घालावी लागली. अ‍ॅलर्जीच्या बाबतीत पॅराबेन मात्र सर्वांत सौम्य परिरक्षकांपैकी आहेत.

डिओडरंटचा मुद्दा थोडक्यात निकाली निघतो. शरीरातील टाकाऊ द्रव्ये काढण्याचे काम मुख्यतः यकृत व मूत्रपिंडे करतात, काखेतील घाम नव्हे. शिवाय २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात स्तनांच्या कर्करोगाच्या ८१३ रुग्ण स्त्रियांची तो आजार नसलेल्या ७९३ स्त्रियांशी तुलना करूनही डिओडरंटशी संबंध आढळला नाही. अंगठीच्या चाचणीत दिसणारी काळी रेघ मेणावर धातू घासल्याने उमटते. शिसे प्रयोगशाळेतच मोजावे लागते.

घरगुती म्हणजे निर्धोक, हे गृहीतकही तपासायला हवे. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात. पाण्याचा अंश असलेले क्रीम परिरक्षकाशिवाय आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात ठेवले, तर त्यात बुरशी आणि जिवाणू वाढतात, आणि ते डोळ्यांजवळ लावणे विशेष धोक्याचे असते.

खरा धोका त्या संदेशात नावालाही नाही. त्वचा उजळवण्याच्या काही क्रीममध्ये पारा मिसळलेला असतो, कारण तो मेलॅनिन हे त्वचेला रंग देणारे द्रव्य तयार होण्यात अडथळा आणतो. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण नोंदवले गेले. त्यांतील १५ जणांच्या मूत्रपिंडात एनईएलएल-१ हे या विकाराच्या एका प्रकाराची खूण असलेले प्रथिन आढळले आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत होते. क्रीम थांबवल्यावर बहुतेकांचा आजार ओसरला. आपल्या सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता इतरांत अनवधानाने आलेला पारादेखील दहा लाखांत एका भागापेक्षा अधिक चालत नाही.

त्यामुळे ठाणे स्टेशनबाहेर, वाशीच्या बाजारात किंवा इन्स्टाग्रामवरून क्रीम घेताना घटकांच्या यादीत पॅराबेन शोधण्याआधी ती यादी आहे का, हे पाहावे. उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादन परवाना क्रमांक आणि आयात मालावर नोंदणी क्रमांक नसेल, तर ‘आयुर्वेदिक’ लिहिलेली डबीही घेऊ नये. असे क्रीम आधीच वापरले असेल आणि पायांवर सूज किंवा लघवीला फेस येत असेल, तर ते ताबडतोब थांबवून, डबीसह डॉक्टरांकडे जावे आणि लघवीतील प्रथिनांबरोबर पाऱ्याचीही तपासणी करण्याविषयी विचारावे.