‘बारा बी’ नाही म्हणून डिग्री बोगस ठरत नाही

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर-निपाणीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ज्या कॉलेजला यूजीसीचं (विद्यापीठ अनुदान आयोगाचं) ‘१२ बी’ नाही, त्याची डिग्री बोगस, महाराष्ट्रात चालणार नाही. ऐन प्रवेशाच्या दिवसांत पोरांच्या पोटात गोळा आणणारा हा दावा साफ चुकीचा आहे.

१२ बी हे १९५६ च्या यूजीसी कायद्यातलं कलम, आणि ते अनुदानापुरतं आहे. ती नोंद नसेल तर कॉलेज आयोगाच्या निधीला मुकतं, एवढंच. पदवी देण्याचा अधिकार कलम २२ मध्ये आहे आणि तो विद्यापीठाला. संलग्न कॉलेज स्वतः पदवी देतच नाही. गुणपत्रिकेच्या माथ्यावर बघा, तिथं बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाचं नाव असतं. २०१० साली स्थापन झालेलं हे राज्य विद्यापीठ आहे. त्याची पदवी कोल्हापुरातही तितकीच वैध.

भ्यायचंच तर बनावट विद्यापीठांना भ्या. यूजीसीच्या त्या यादीत गोकाकचा पत्ता असलेलं एक नाव वर्षानुवर्षं झळकत होतं. आयोगाच्या वेबसाइटवर ही यादी कुणालाही बघता येते. फी भरण्याआधी ती उघडा आणि कॉलेजकडे चालू वर्षाचं संलग्नतेचं पत्र मागा.