मर्सिडीज ही कार्ल बेंझ यांची मुलगी नव्हती

‘कार्ल बेंझ यांनी लाडक्या लेकीचं, मर्सिडीजचं नाव गाडीला दिलं’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. गेल्या आठवड्यात मीही तो पुढे पाठवला होता, म्हणून हा खुलासा.

मोटारगाडी बनवणारे जर्मन अभियंते कार्ल बेंझ आणि त्यांच्या पत्नी बर्था यांना पाच मुलं: ऑयगेन, रिचर्ड, क्लारा, थिल्डे आणि एलेन. यांत मर्सिडीज नाही. ती एमिल येलिनेक या व्यापाऱ्याची मुलगी, जन्म 1889. येलिनेक डाइमलर कंपनीच्या गाड्या विकत. त्यांच्या आग्रहावरून हे नाव गाडीला मिळालं आणि 1902 मध्ये डाइमलर कंपनीनं ते नोंदवलं. डाइमलर आणि बेंझ या तेव्हा प्रतिस्पर्धी कंपन्या होत्या, त्या एकत्र आल्या 1926 मध्ये. मर्सिडीज-बेंझ कंपनी स्वतःचा इतिहास असाच सांगते.

बेंझ घराण्याची खरी गोष्ट सांगायची तर बर्था बेंझ यांची सांगावी. ऑगस्ट 1888 मध्ये नवऱ्याला न कळवता, ऑयगेन आणि रिचर्डला घेऊन त्या मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी मोटारगाडीनं गेल्या, सुमारे 100 किलोमीटर. वाटेत इंधन घेतलं ते विसलोखच्या औषधाच्या दुकानातून! मला तर हीच गोष्ट कितीतरी मोठी वाटते.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा जरूर कळवा.