केनेडींचा खरा मारेकरी घरबसल्या शोधून काढण्याविषयी

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी दुपारी साडेबारा वाजता डॅलस शहरातील डीली प्लाझामध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा आपण तिथे नव्हता. बहुधा आपला जन्मही झालेला नव्हता. ही अडचण नसून पात्रता आहे, हे आधी मनाशी पक्के करावे. जे तिथे होते त्यांनी सगळे काही क्षणांत पाहिले आणि नंतर आयुष्यभर एकमेकांशी न जुळणाऱ्या साक्षी दिल्या. आपल्यापाशी मात्र छायाचित्रे आहेत, संगणक आहे आणि रात्रीच्या जेवणानंतरचा भरपूर मोकळा वेळ आहे.

अभ्यासाची सुरुवात निष्कर्षापासून करावी. मारेकरी गुप्तहेर खात्याने पाठवले, माफियाने पाठवले की क्यूबाने, हे ठरवल्याखेरीज एकाही छायाचित्राला हात लावू नये. नुसत्या कोऱ्या मनाने पाहू गेल्यास झाडाची पाने, सावल्या आणि घाबरून गवतावर आडवी झालेली माणसे यांपलीकडे काहीच दिसत नाही, आणि तेवढ्यावर कोणाचे नाव झालेले नाही.

पहिला मान अर्थातच अब्राहम झप्रूडर यांच्या चित्रफितीचा. स्त्रियांच्या कपड्यांचा व्यवसाय करणारे हे गृहस्थ आठ मिलिमीटरचा घरगुती कॅमेरा घेऊन काँक्रीटच्या एका चौथऱ्यावर चढले होते; उंचीवर चक्कर येत असल्यामुळे त्यांच्या कार्यालयातील एका स्त्रीने त्यांना मागून धरून ठेवले होते. त्या अवस्थेत त्यांनी टिपलेली ही सव्वीस सेकंदांची फीत म्हणजे एकूण ४८६ फ्रेम, सेकंदाला सुमारे १८. यांतील ३१३ क्रमांकाच्या फ्रेममध्ये डोक्याला प्राणघातक गोळी लागते आणि त्यानंतर केनेडींचे शरीर मागे व डावीकडे फेकले जाते. इथे आपण खुर्चीत सरसावून बसावे आणि जाहीर करावे की, माणूस मागे गेला म्हणजे गोळी अधिकृत निष्कर्षाप्रमाणे मागून नव्हे, तर पुढून, रस्त्याकडेच्या गवताळ टेकाडावरून आली. ३१२ आणि ३१३ या दोन फ्रेमच्या दरम्यान डोके आधी किंचित पुढे सरकते, ही गोष्ट कोणी दाखवून दिलीच, तर तेवढ्यापुरती फीत अस्पष्ट असल्याचे सांगावे. एरवी ती स्वच्छच असते.

लुइस अल्वारेझ या भौतिकशास्त्रज्ञांनी खरबुजांना चिकटपट्टी गुंडाळून त्यांवर गोळ्या झाडल्या आणि ती खरबुजे उलट बंदुकीच्याच दिशेने उडतात, हे १९७६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांचे नाव निघाल्यास गडबडून जाऊ नये. त्यांना नोबेल मिळाले ते कणभौतिकीसाठी, खरबुजांसाठी नव्हे, एवढे उत्तर पुरेसे आहे.

या कामी अधिकृत मंडळींनी आपल्याला केलेल्या मदतीबद्दल मात्र कृतज्ञ राहावे. ‘लाइफ’ नियतकालिकाने दीड लाख डॉलरला ही फीत विकत घेतली, ३१३ क्रमांकाची फ्रेम वाचकांपासून दूर ठेवली आणि हाताळताना मूळ फितीच्या काही फ्रेम खराबही करून ठेवल्या. हत्येची अधिकृत चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाने आपल्या पुराव्यांच्या खंडात ३१४ आणि ३१५ या फ्रेम उलट क्रमाने छापल्या, त्याही नेमक्या त्या ठिकाणी जिथे डोके कोणत्या दिशेने हलते हाच वादाचा मुद्दा होता. ही छपाईतील चूक असल्याचा खुलासा पुढे एफबीआयच्या प्रमुखांनी केला. अमेरिकेतील सामान्य प्रेक्षकाला ही फीत दूरचित्रवाणीवर पाहायला मिळाली ती १९७५ च्या मार्चमध्ये, म्हणजे अकरा वर्षांनी. संशयाचे बी इतक्या निगुतीने पेरून, खतपाणी घालून आपल्या हवाली करण्यात आले असताना पीक न घेणे हा कृतघ्नपणा ठरेल. आणि खरे सांगायचे तर, पहिल्या पिढीच्या संशयाला हसण्याचा अधिकार ज्यांनी फीत कुलपात ठेवली त्यांना तरी नाही.

त्यानंतर मेरी मूरमन यांच्या पोलरॉइड छायाचित्राकडे वळावे. प्राणघातक गोळी लागल्यावर सेकंदाचाही अवकाश न जाता टिपलेले हे चित्र तळहातावर मावण्याएवढे आहे, कालांतराने फिकट झालेले आहे आणि त्याच्या कडेला अंगठ्याचा ठसा उमटलेला आहे. त्यातील टेकाडावरच्या कुंपणामागची, टाचणीच्या डोक्यावर मावेल इतकी जागा निवडून ती मोठी करत जावे. पहिल्यांदा मोठी केल्यावर ठिपके दिसतील. धीर सोडू नये. आणखी मोठी केल्यावर ठिपक्यांचे डाग होतील, आणि डागांमधून पोलिसी गणवेश, छातीवर चकाकणारा बिल्ला व बंदुकीच्या तोंडचा लखलखाट यांसह एक इसम प्रकट होईल. १९८२ मध्ये दोन संशोधकांना तो असाच भेटला आणि ‘बॅज मॅन’ या नावाने प्रसिद्धी पावला. मापे घेत बसणाऱ्यांचे म्हणणे असे की, तो खराच माणूस असेल तर त्याच्या आकारावरून तो कुंपणाच्या बराच मागे आणि जमिनीपासून वर उभा असला पाहिजे. कट इतका मोठा असताना एका शिडीची सोय झाली नसेल का, असे त्यांना शांतपणे विचारावे.

सावल्यांचा विषय त्याहून सोपा. हत्येचा आरोप ज्याच्यावर ठेवला गेला त्या ली हार्वी ऑस्वाल्डच्या, रायफल हाती घेऊन परसात उभ्या असलेल्या छायाचित्रात नाकाची सावली सरळ खाली पडते आणि शरीराची तिरकी, एवढे बोट ठेवून दाखवले की काम झाले. स्वतः ऑस्वाल्डनेही पोलिसांना सांगितले होते की, चेहरा आपला असला तरी धड दुसऱ्याचे आहे. आरोपीच्या तोंडची इतकी निःपक्षपाती साक्ष क्वचितच लाभते. अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, चौकशी समितीने नेमलेल्या छायाचित्रतज्ज्ञांनी निगेटिव्हवरील ओरखडे ऑस्वाल्डच्याच कॅमेऱ्याचे असल्याचे ठरवले, एका प्रतीच्या पाठीवर ऑस्वाल्डच्याच अक्षरातील स्वाक्षरी निघाली आणि पुढे २००९ मध्ये डिजिटल छायाचित्रांचे तज्ज्ञ हनी फरीद यांनी त्रिमितीय प्रतिकृती करून दोन्ही सावल्या एकाच सूर्याच्या असल्याचे दाखवले. हे सगळे वाचनात आले तरी स्वतः उन्हात उभे राहून पडताळा मात्र घेऊ नये. त्यात अभ्यासाचे नुकसान होण्याचा संभव आहे.

स्वच्छ ऊन असताना छत्री उघडून उभ्या असलेल्या माणसाबद्दल थोडी सावधगिरी बाळगावी. त्याच्या छत्रीतून विषारी बाण सुटला, हा सिद्धांत अनेक वर्षे उत्तम चालला. मग १९७८ मध्ये तो माणूसच समितीपुढे छत्रीसह हजर झाला आणि म्हणाला की, राष्ट्राध्यक्षांचे वडील ब्रिटनमध्ये राजदूत असताना त्यांनी तिथले पंतप्रधान चेंबरलेन यांच्या हिटलरपुढील नमत्या धोरणाची पाठराखण केली होती, त्याचा निषेध म्हणून चेंबरलेन यांची ओळख बनलेली छत्री आपण उघडली. असे स्पष्टीकरण कल्पनेतून सुचणे अशक्य आहे, म्हणूनच ते रचलेले आहे, असे प्रतिपादन करावे. पुढच्या वेळी जिवंत साक्षीदार असलेला तपशील निवडू नये.

त्या दृष्टीने डोक्याला रुमाल बांधलेली ती स्त्री फार उपयोगी आहे. गोळीबार चालू असताना ती रस्त्याच्या दुसऱ्या बाजूस, टेकाडाकडे तोंड करून, डोळ्याला कॅमेरा लावून उभी असल्याचे इतरांच्या चित्रफितींत दिसते. ती कोण हे आजवर निर्विवादपणे ठरलेले नाही आणि तिने टिपलेले चित्रण कोणी पाहिलेले नाही. त्यामुळे आपल्याला हवा तो मारेकरी, हव्या त्या गणवेशात, अगदी स्वच्छ आणि समोरून फक्त तिच्याच फितीत आहे, असे बेलाशक लिहावे, आणि त्याच्या बिल्ल्यावरचा क्रमांकही द्यावा.