शेततळ्याला दोर बांधा

पोरांना पोहायला शिकवा म्हणजे बुडायची नाहीत, असं सगळेच सांगतात. शिकवाच. पण शेततळ्यात पट्टीचा पोहणाराही मरतो, आणि त्याला मारतो तो तळ्यातला प्लास्टिकचा कागद.

२०१६ साली राज्य सरकारची 'मागेल त्याला शेततळे' ही अनुदानाची योजना आली. फळबागा तगल्या, उन्हाळ्यातली टँकरमागची पळापळ कमी झाली. शेततळ्याला माझा विरोध नाही. पण त्याची रचना एकदा नीट बघा. मोठं तळं ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, पाणी सुमारे २२ लाख लिटर. चारही बाजूंनी तिरपा उतार आणि त्यावर अंथरलेला गुळगुळीत कागद. त्याच्यावर शेवाळ धरलं की संपलंच. पाय घसरला की माणूस थेट आत. पोहत काठाला आला तरी धरायला काही नाही. चार बोटं वर सरकतो, हातभर खाली येतो. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की हा उतार आणखी लांब होतो. दम कुठवर पुरणार?

जुन्या विहिरीत धोका नव्हता असं नाही. पण तिथं पायऱ्या असायच्या, दगडांच्या कपारी असायच्या, मोटारीचा पाइप असायचा. पोराच्या पाठीला डबा नाहीतर वाळला भोपळा बांधलेला आणि वर कुणीतरी म्हातारा शिव्या देत उभा! शेततळं असतं रानात, दुपारचं तिकडं कुणी फिरकत नाही.

लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ ३० जून २०२४ ला एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली तेव्हा राज्यभर चर्चा झाली, पर्यटनाच्या ठिकाणी बंदीचे आदेश निघाले. शेततळ्याची बातमी मात्र आतल्या पानावर चार ओळींत संपते. त्या चार ओळी वाचल्यात का कधी? एकजण घसरतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, दोघंही जातात. आई असली तर ती थांबणार तरी कशी?

म्हणून उडी मारायची नाही, हे घरात आधीच बोलून ठेवा. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. तोंड पाण्याखाली-वर होत असतं, श्वासच पुरत नाही, तर हाक कुठून येणार? हाताला लागेल त्याला तो मिठी मारतो आणि वाचवणाऱ्यालाही खाली नेतो. काठावर पालथं पडून साडी फेका, कासरा फेका, घट्ट झाकणाचा रिकामा कॅन फेका.

बाहेर काढल्यावर उलटं टांगून, पोट दाबून पाणी काढत बसू नका. मिठात पुरून ठेवायचा तो व्हॉट्सॲपवरचा मेसेज तर शुद्ध मूर्खपणा आहे. श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास द्या, छाती दाबत राहा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा.

कुंपण हवंच. माझं तर मत आहे की कुंपण आणि दोर असल्याशिवाय शेततळ्याचं अनुदान मिळूच नये. पण जाळीला पैसे नाहीत, पुढच्या वर्षी बघू, हे उत्तर ठरलेलं. ठीक आहे, जाळी पुढच्या वर्षी. दोर या आठवड्यात. जाड नायलॉनचा घ्या, हात-हातभर अंतरावर गाठी मारा, वरच्या बांधावर लोखंडी खुंटा खोल ठोकून त्याला बांधा आणि दुसरं टोक पार तळापर्यंत सोडा. असे चार, प्रत्येक बाजूला एक. मधे हवा भरलेली जुनी ट्यूब सोडली तर उत्तम. उन्हाने नायलॉन कुजतो, तेव्हा दरवर्षी ओढून बघायचा आणि लागला तर बदलायचा.