कलम ५२९

सासरे पोलीस खात्यातून निवृत्त झालेले. 'जावईबापूंचं ५२९ चं काहीतरी लफडं आहे' हे कानावर पडताच ते सरळ बसले. "जुनी दंड संहिता ५११ ला संपायची. नव्या न्याय संहितेत तर ३५८च कलमं. हे ५२९ कुठनं काढलंत?"

म्हटलं, अमेरिकेच्या आयकर कायद्यातनं. मुलांच्या शिक्षणासाठी खातं काढायचं, वाढीवर कर नाही, कॉलेजला खर्च केले तर काढतानाही नाही.

"मग लफडं काय?"

"आपण सांगलीला परत आलो, हेच."

कारण कॉलेज कुठलंही चालत नाही. तिकडच्या शिक्षण खात्याच्या यादीतलं लागतं. परदेशातली काही आहेत त्यात, पण लेकीला इथलं जे इंजिनिअरिंग कॉलेज हवंय ते नाही. मग वाढीच्या रकमेवर तिकडचा कर, वर १० टक्के जादा. म्हणजे पोरगी खरोखर शिकत असली तरी अमेरिकेच्या लेखी ती उनाडक्या करतेय.

इकडची बाजू समजून घ्यायला गणपती पेठेतल्या सीएंकडे गेलो. त्यांची सगळी गिऱ्हाइकं हळदीची नाहीतर बेदाण्याची.

"खातं कुणाचं?"

"माझं."

"पैसे कुणाचे?"

"मुलीच्या शिक्षणाचे. म्हणजे माझेच. ती लाभार्थी."

"उद्या तुमचं मन फिरलं तर?"

"काढून घेऊ शकतो. कर आणि दंड भरून."

"मग ह्यात शिक्षण कुठं आलं ओ?" ते थोडा वेळ पंख्याकडे बघत बसले. "हां, हरिपूरचं पेव की हे! हळद आत, तोंड बंद. उघडाल तेव्हा हिशेब."

मी मान डोलावली. २००५ च्या पुरात जमिनीखालच्या त्या पेवांत पाणी शिरलं होतं, तो विषय मात्र दोघांनीही काढला नाही.

इथल्या कायद्यात ५२९ ला वेगळी सवलत नाही. २०२१ मध्ये परदेशातल्या निवृत्तीच्या खात्यांसाठी कलम ८९अ आलं, त्यात अमेरिकाही बसली. म्हातारपणाची सोय झाली, शिक्षणाची राहिली. परत आल्या आल्या मात्र सुख होतं. तेव्हा मी 'निवासी, परंतु सामान्यतः निवासी नाही' असा होतो आणि तिकडच्या कमाईला इथं कर नव्हता. विश्रामबागेतल्या दूधवाल्यानं आणि पेपरवाल्यानं मला पहिल्याच आठवड्यात सामान्य निवासी करून घेतलं होतं. आयकर खातं जरा सावकाश पटलं.

पटलं आणि छळ सुरू झाला. रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचा एक तक्ता असतो. रिटर्न एप्रिल ते मार्चचं, पण हा तक्ता जानेवारी ते डिसेंबरचा. त्यात वर्षभरातली सर्वांत जास्त शिल्लक लिहायची, तीही स्टेट बँकेच्या त्या दिवशीच्या टीटी खरेदी दरानं, म्हणजे बँक डॉलर विकत घेते त्या भावानं, रुपयांत. खातं नेमकं कुठल्या दिवशी सर्वांत गुबगुबीत होतं हे बघायला वेबसाइट उघडावी, तर ओटीपी जातो माझ्या जुन्या अमेरिकन नंबरवर, जो आता तिकडं देव जाणे कुणाच्या खिशात वाजतोय. पत्ता बदलायला गेलो तर राज्यांच्या यादीत अलाबामापासून वायोमिंगपर्यंत सगळी मंडळी हजर, महाराष्ट्र गायब. रात्री जागून फोन लावला. पलीकडच्या बाईंनी अतिशय प्रेमानं विचारलं, सांगली कुठल्या काउंटीत येते? मी म्हणालो, मिरज तालुक्यात. त्यांनी ते लिहूनही घेतलं.

आणि हा तक्ता टाळायची सोय नाही. बघणारा कायदा २०१५ चा, नाव काळा पैसा कायदा. दाखवलं नाही तर १० लाख दंड. ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला त्या दंडातून सूट आहे, पण आमचं पेव त्याच्या वर भरलेलं.

हे सगळं आईनं स्वयंपाकघरातनं ऐकलं. "काळा पैसा? पोरीच्या फीचा?" तिला शांत करायला म्हणालो, काळजी नको, लाभार्थी बदलता येतो. घरातलं कुणीही चालतं. भाऊ, बहीण, आतेभाऊ, अगदी आजीसुद्धा.

"वयाची अट?"

"नाही."

"मग मला घाल. फक्त वर्ग सकाळचे नकोत, माझा वाती वळायचा वेळ असतो."

मी हसत हसत सीएंना फोनवर सांगितलं. ते हसले नाहीत.

"घाला की. पण मग पुढच्या वर्षीपासनं आईंचंही रिटर्न बघावं लागेल. पॅन आधारला जोडलाय न्हवं त्यांचा?"